विजेचा कुकर की शेगडीवरचा? लष्करी सेवेच्या उंबरठ्यावरच्या घराने केलेले परीक्षण

दीड वर्षापूर्वी एकाच महिन्यात आमच्या घरात पत्नीच्या निवडीचे पत्र आले आणि दोन प्रेशर कुकरही आले. पत्नी अभियंता आहे आणि वयाची मर्यादा उलटण्याआधी सैन्याच्या तांत्रिक शाखेत अधिकारी म्हणून जायचे, असे तिने बऱ्याच विचारान्ती ठरवले होते. घरचा स्वयंपाक पहिल्यापासून माझ्याकडे आहे. त्या वेळी मोठी मुलगी चार वर्षांची आणि धाकटा मुलगा सात महिन्यांचा होता. आठ लिटरचा, शेगडीवर ठेवायचा स्टीलचा कुकर मी स्वतः निवडून घेतला. सहा लिटरचा विजेवर चालणारा कुकर सासूबाईंनी दिला, कारण मुलगी प्रशिक्षणाला गेल्यावर दोन मुले सांभाळून जावई शेगडीपाशी उभा राहणार कसा, ही काळजी त्यांना आमच्या आधी लागली होती. पुढील परीक्षण या दोन्ही कुकरांचे आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार त्या एका नगापुरतीच असू शकते. या दोन प्रकारांविषयी मात्र अठरा महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर मी खात्रीने लिहू शकतो.

शेगडीवरच्या कुकरचा तळ तीन थरांचा आहे. वर आणि खाली स्टील, मध्ये ॲल्युमिनियम. निव्वळ स्टील उष्णता नीट पसरवत नाही आणि ज्वाळेच्या थेट वरचा भाग तेवढा करपतो. मधल्या थरामुळे हा दोष बराच कमी होतो, आणि तळाचे स्टील चुंबक धरणारे असल्याने हा कुकर इंडक्शनवरही चालतो. झाकणावर वजनाची शिट्टी, शेजारी सुरक्षा झडप आणि कडेला रबरी रिंग, एवढेच त्याचे झिजणारे भाग. विजेच्या कुकरात १००० वॅटची तापक तबकडी, आत वेगळे निघणारे भांडे, दाब व तापमान मोजणारी यंत्रणा आणि समोर बटणांची एक पट्टी असते. या पट्टीवर पंधरा-सोळा पदार्थांची नावे छापलेली आहेत. त्यांतील तीनांपलीकडे मी कधी गेलो नाही आणि ज्यांच्याकडे असा कुकर आहे, त्यांच्यापैकीही फारसे कोणी गेले असेल असे वाटत नाही.

दोन्हींचे तत्त्व एकच आहे, पण तापमान एक नाही, आणि विक्रेते नेमके हेच सांगत नाहीत. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि उघड्या भांड्याखाली कितीही जाळ केला तरी त्यापुढे तापत नाही. झाकण घट्ट बसवून आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १ बारने (बार हे दाब मोजण्याचे एकक) वाढू दिला, की पाणी उकळायला १२१ अंशांच्या आसपास तापमान लागते आणि अन्न तितक्या लवकर शिजते. चांगल्या प्रतीचा शेगडीवरचा कुकर एवढा दाब गाठतो. विजेचे घरगुती कुकर बहुधा ०.७ ते ०.८ बारवर थांबतात, म्हणजे ११५ ते ११७ अंशांवर. फरक चार ते सहा अंशांचाच दिसतो, पण कडधान्ये आणि मांस शिजवताना तो सहज जाणवतो. जे एकात बारा मिनिटांत होते, त्याला दुसऱ्यात सोळा-सतरा मिनिटे द्यावी लागतात. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या तत्त्वावरचे भांडे सादर केले, आणि ते फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबून धरलेल्या झडपेची योजना केली. माझ्या कुकरावरची शिट्टी याच झडपेची थेट वंशज आहे, आणि साडेतीनशे वर्षांत तिच्यात मूलभूत बदल करावा लागला नाही ही गोष्ट मला खरेदीच्या वेळी कोणत्याही वॉरंटीपेक्षा महत्त्वाची वाटली.

शिट्ट्या मोजून शिजवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी विजेचा कुकर घेण्यापूर्वी एक लक्षात घ्यावे की तो शिट्टी देत नाही. सगळे माप मिनिटांत करावे लागते, आणि ती मिनिटे दाब भरल्यानंतरच मोजली जातात. दाब भरायला पंधरा ते वीस मिनिटे आणि वाफ आपोआप उतरायला तितकाच वेळ धरला, तर 'दहा मिनिटांचा' पदार्थ ताटात यायला पाऊण तास लागतो. शिट्टी हे खरे तर मोजमाप म्हणून कच्चेच आहे, कारण जाळ मोठा असेल तर शिट्ट्या भराभर होतात आणि अन्न कच्चे राहते. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून घड्याळाकडे पाहणे, ही सवय मला विजेच्या कुकरानेच लावली, आणि ती शेगडीवरच्या कुकरालाही लाभली.

खरी परीक्षा सणाच्या दिवशी झाली. पत्नी प्रशिक्षणाला जाण्यापूर्वीचा तो शेवटचा सण होता आणि जेवायला आम्ही धरून बारा माणसे होती. प्रेशर कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि कडधान्ये, तांदूळ यांसारखे फेसाळणारे पदार्थ असतील तर अर्ध्यावर थांबावे, असा नियम आहे, कारण फेस वर चढून वाफेची वाट बंद करतो. आठ लिटरच्या कुकरात अर्धे म्हणजे चार लिटर. पाऊण किलो राजमा भिजवून पाण्यासह त्यात एका वेळी बसला. सहा लिटरच्या कुकरात तोच दोन फेऱ्यांत करावा लागला असता, आणि प्रत्येक फेरीला तासाच्या जवळपास वेळ धरला तर पाहुणे आल्यावरही मी ओट्यापाशीच उभा असतो. मांसाच्या रश्शाचीही हीच गत. तांबूस रंग आणि खमंग वास यायला मांसाचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर तापावा लागतो, आणि पाण्यात शिजवताना ते कुकरलाही जमत नाही, म्हणून कांदा आणि मांस आधी कोरडे परतून घ्यावे लागते. शेगडीवरच्या कुकरात मोठ्या जाळावर हे काम झटपट झाले. विजेच्या कुकरात परतण्याची सोय आहे, पण भांड्याचा तळ अरुंद आणि १००० वॅटची आच अपुरी असल्याने कांद्याला पाणी सुटले, तो परतण्याऐवजी वाफवला गेला आणि तळाशी चिकटलेल्या मसाल्यामुळे यंत्रणेने करपल्याची सूचना देऊन स्वयंपाक थांबवला. ही सूचना टाळण्यासाठी परतून झाल्यावर थोडे पाणी घालून तळ लाकडी उलथन्याने खरवडून मोकळा करावा, हे माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर लिहिलेले होते. ते पहिल्या पानावर हवे होते.

त्याच दिवशी विजेच्या कुकराने एक काम मात्र उत्तम केले. भात सकाळी त्यात लावला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत गरम राहू दिला. सणाच्या दिवशी जेवण ठरल्या वेळी सुरू होत नाही, हे गृहीतच धरावे लागते. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला, तर उकळीतही टिकून राहणारे 'बॅसिलस सीरियस' या जिवाणूचे बीजाणू त्यात वाढू लागतात. अन्न ६० अंशांच्या वर ठेवणे किंवा दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये टाकणे, हे दोनच सुरक्षित मार्ग आहेत. आमच्या विजेच्या कुकरातील गरम ठेवण्याची सोय मी थर्मामीटर लावून तपासली, तेव्हा भात ६५ अंशांच्या खाली गेला नाही. घरात सात महिन्यांचे बाळ असताना ही काळजी फाजील वाटत नाही.

बाळाच्या अन्नासाठी दोन्ही कुकर सारखेच कामाचे ठरले. भाजी, डाळ किंवा भात मऊ शिजला की मीठ घालण्याआधी त्याचा वाटा काढून ठेवायचा, कारण पहिल्या वर्षात बाळाच्या अन्नात वरून मीठ घालायचे नसते. फरक पडला तो आवाजाने. शेगडीवरच्या कुकरची शिट्टी झाली की पाळण्यातले बाळ दचकून उठते, आणि मग त्या दिवशीचा उरलेला स्वयंपाक एका हाताने करावा लागतो. विजेच्या कुकराचा आवाज वाफ सोडतानाच काय तो होतो. वाफ आपोआप उतरू दिली तर तोही नाही.

येथे एक धोक्याची सूचना देणे मला कर्तव्य वाटते. विजेच्या बहुउपयोगी कुकरात मंद आचेवर सात-आठ तास शिजवण्याची सोय असते. राजमा त्यात कधीही करू नये. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते आणि त्याचा नाश व्हायला दाणे भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळावे लागतात. मंद आचेवर तापमान पुरेसे चढत नाही, दाणे वरून मऊ दिसतात आणि खाणाऱ्याला उलट्या-जुलाब होतात. पूर्ण दाबाखाली नीट शिजवला, तर हा धोका राहत नाही. माहितीपुस्तिकेत याविषयी एक अक्षरही नाही.

पत्नीची निवड आणि कुकरची निवड यांचा संबंध येथून सुरू होतो. सैन्यात अधिकारी होण्याचे मार्ग अनेक असतात. कोणी शाळा संपताच प्रबोधिनीत जातो, कोणी पदवीनंतर, आणि डॉक्टर किंवा अभियंते आपल्या विषयाच्या शाखेत थेट घेतले जातात. ठरावीक वर्षांची सेवा आणि निवृत्तिवेतनापर्यंतची सेवा हेही वेगळे रस्ते आहेत. पत्नीपुढे नौदलाची तांत्रिक शाखाही होती आणि तिचे मन खरे म्हणजे जहाजावरच होते. पण आम्ही रात्री मुले झोपल्यावर कागद घेऊन एकच हिशेब मांडला, तो म्हणजे वर्षातले किती दिवस घरात एकच मोठा माणूस असेल. जहाजावरच्या नेमणुकीत तो आकडा एका झटक्यात कित्येक महिन्यांवर गेला. भूदलाच्या तांत्रिक शाखेत, म्हणजे वाहने, शस्त्रे आणि संदेशयंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत, कुटुंबाला नेता न येणाऱ्या नेमणुका असतातच, पण मधल्या काळात एकत्र राहण्याची शक्यताही बरी असते. तिने ठरावीक वर्षांची सेवा घेतली, पुढे मुदत वाढवण्याचा पर्याय उघडा ठेवून. मी तिला जहाजाचा मोह सोडायला लावले का, हा प्रश्न तिने मला विचारला नाही आणि मीही काढला नाही. तो कागद अजून स्वयंपाकघराच्या खणात आहे, आणि कुकरविषयीचे माझे मत त्यावरच्या आकड्यांनी ठरवले.

कारण पत्नी प्रशिक्षणाला गेली आणि घरात मोठा माणूस मी एकटाच उरलो, तेव्हा माझे पहिले मत उलटले. शेगडीवर कुकर ठेवून बाळाला अंघोळ घालता येत नाही, आणि चार वर्षांच्या मुलीला खाली खेळायला नेता येत नाही. विजेचा कुकर दाब चढवतो, वेळ झाल्यावर स्वतः बंद होतो आणि अन्न गरम ठेवतो. अकरा महिन्यांत बहुतेक दिवस रात्रीचे जेवण त्याच्यावरच झाले. वेळ लावून उशिरा सुरू करण्याची सोय मी वापरली, पण ती पाण्यात भिजवलेल्या कडधान्यांपुरतीच. मांस किंवा दूध घालून भांडे चार तास तसेच ठेवण्याची चूक कोणी करू नये. या काळात कोणी मला विचारले असते, तर मी सासूबाईंच्या निवडीला डोळे मिटून पहिला क्रमांक दिला असता.

नवव्या महिन्यात तो बंद पडला. पट्टीवर एक सांकेतिक क्रमांक दिसू लागला आणि झाकण लागलेले असूनही ते उघडे आहे असे यंत्र मानू लागले. सेवाकेंद्राने भाग दुरुस्त होत नाही, पूर्ण पट्टी बदलावी लागेल असे सांगितले आणि त्या बदलीला तेवीस दिवस लागले. त्यातही पहिले नऊ दिवस आमचा नग त्यांच्या नोंदीतच नव्हता. सुटीत आलेल्या पत्नीने नंतर तो उघडून पाहिला. तिच्या मते झाकणाची जाणीव करून देणारा एक लहानसा स्विच वाफेने गंजला होता आणि तो वेगळा मिळत असता, तर दहा मिनिटांचे काम होते. त्या तेवीस दिवसांत शेगडीवरच्या कुकरची रबरी रिंगही सैल झाली होती; ती मी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून आणून त्याच संध्याकाळी बसवली.

पत्नीचे थोरले बंधू बरीच वर्षे सेवेत आहेत आणि त्यांच्या घराने दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलले आहे. त्यांनी आम्हांला आरंभीच सांगितले होते, "जे बिघडल्यावर एकाच शहरात दुरुस्त होतं, ते सामानात बांधू नका." सैन्याला हे फार पूर्वी कळलेले आहे. क्रिमियन युद्धात, १८५५ साली, अलेक्सिस सॉयर या लंडनमध्ये नावाजलेल्या फ्रेंच आचाऱ्याने ब्रिटिश सैनिकांसाठी एक शेगडी तयार केली. पत्र्याचा बंद पिंप, आत जाळ आणि वर शिजवायचे भांडे, इतकीच तिची रचना. जाळ बंदिस्त असल्याने सरपण थोडे लागे, वाऱ्यापावसात तो विझत नसे आणि बिघडण्यासारखे तिच्यात काही नव्हतेच. किरकोळ फेरफार करून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरात होती. मेव्हण्यांच्या स्वयंपाकघरात विजेवरचे एकच उपकरण आहे आणि ते म्हणजे दिवा, असे पत्नी गमतीने म्हणते.

परदेशी नेमणूक झाली तर आणखी एक अडचण येते. काही देशांत घरगुती वीज ११० ते १२० व्होल्टची असते, तर बहुतेक देशांत २२० ते २४० व्होल्टची. एका प्रकारच्या विजेसाठी बनवलेला कुकर दुसऱ्यावर चालत नाही, आणि १००० वॅट पेलणारा रूपांतरक कुकरपेक्षा जड होतो. शेगडीवरच्या कुकराला गॅस, इंडक्शन किंवा साधी विजेची शेगडी, काहीही चालते.

उंचीचा प्रश्न मात्र दोघांनाही सुटत नाही. मेव्हणे १८०० मीटर उंचीवरच्या छावणीत असताना आम्ही आठ दिवस त्यांच्याकडे राहिलो होतो आणि शेगडीवरचा कुकर बरोबर नेला होता. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, म्हणजे तेथे पाणी ९४ अंशांनाच उकळते. कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाब राखते. बाहेरचाच दाब कमी असेल, तर आतला एकूण दाबही कमी राहतो. म्हणून ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला शिजवण्याची वेळ ५ टक्क्यांनी वाढवावी, असा ठोकताळा आहे. घरी बारा मिनिटांत होणारा राजमा तेथे पहिल्या दिवशी कचकचीत राहिला आणि दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत व्यवस्थित झाला. उघड्या पातेल्यात शिजवणाऱ्या शेजारच्या घरी तेच काम अर्धा दिवस चालले होते, आणि उंचीवर कुकर ही चैन नसून गरज आहे हे मला तेथे पटले.

देखभालीविषयी थोडक्यात. रबरी किंवा सिलिकॉनची रिंग वर्ष-दीड वर्षाने बदलावी. विजेच्या कुकराच्या रिंगेला मसाल्याचा वास कायमचा धरतो, त्यामुळे गोड पदार्थांसाठी दुसरी रिंग ठेवावी. शिट्टीची नळी दर वेळी उजेडाकडे धरून पाहावी. मांस शिजल्यावर वाफ जबरदस्तीने सोडू नये. दाब एकदम उतरला की आतला रस खळखळून बाहेर पडतो आणि तुकडे चिवट होतात.

माझ्या हिशेबाने शेगडीवरच्या कुकराला पाचापैकी साडेचार गुण आणि विजेच्या कुकराला साडेतीन. उरलेला अर्धा गुण मी शेगडीवरच्याला दिला नाही तो झोपमोडीबद्दल. विजेच्याचा एक गुण त्या तेवीस दिवसांत गेला आणि अर्धा सणाच्या दिवशी. ज्या घरात एकच मोठा माणूस आहे आणि ज्याला गाव बदलायचे नाही, त्याने मात्र ही गुणपत्रिका उलटी वाचावी. पत्नीच्या पहिल्या नेमणुकीचा आदेश गेल्या आठवड्यात आला. कुटुंबाला नेता येईल, आणि जागा २४०० मीटर उंचीवर आहे. सामानाच्या पहिल्या पेटीत शेगडीवरचा कुकर, दोन जादा रिंगा आणि एक सुरक्षा झडप बांधून झाली आहे. विजेचा कुकर कोठे ठेवायचा यावर अजून एकमत नाही, कारण त्यातला तो गंजलेला स्विच पत्नीने काढून घेतला आहे आणि त्याच्या जागी बसेल असा दुसरा ती शोधते आहे.